तीन मुकुटांचं निशाण

नदीपलीकडच्या स्वीडिश चौकीतून धूर निघत होता, तरी कुणी बाहेर आलं नाही. मला तेव्हाच खटकलं. धूर आहे म्हणजे माणसं आहेत, आणि माणसं आहेत म्हणजे मी त्यांना ऐकू गेले होते.

मी तुतारी बोलतेय. डेन्मार्कच्या राजाची, पितळेची आणि खरं सांगायचं तर जरा भित्री. बंदुकीचा बार उडाला की माझं सगळं अंग झिणझिणतं. काम मात्र असं, की बंदुका रोखलेल्या असतात तिथंच मला पुढं व्हावं लागतं.

न्युर्नबर्गच्या एका कारागिरानं मला ठोकून ठोकून घडवलं. कोपनहेगनला आले, तेव्हा मेजवान्यांत ताटं आली की वाजायचे. पाहुणे ताटाकडे बघायचे, माझ्याकडे नाही. मग स्वीडनशी युद्ध लागलं आणि मी राजाची पत्रं नेणाऱ्या एस्बेनच्या हाती आले.

शत्रूचे राजेही एकमेकांना पत्रं लिहितात, हे मला तेव्हा कळलं. पत्र नेणाऱ्यानं सीमेवरच्या नदीशी थांबून तीनदा तुतारी फुंकायची. पलीकडच्या तुतारीनं उत्तर दिलं तर पुढं जायचं, नाही दिलं तर माघारी. उत्तराशिवाय पाऊल टाकलं, तर गोळी.

आजच्या पत्रात कैद्यांच्या अदलाबदलीची मागणी होती. एस्बेनचा धाकटा भाऊ मोगेन्स त्या कैद्यांत आहे. थंडीनं त्याच्या पायाची दोन बोटं गेली आहेत. उद्या त्या सगळ्यांना उत्तरेच्या खाणींकडे नेणार.

हेच पत्र आम्ही पंधरवड्यापूर्वी आणलं होतं. ते न फोडताच परत आलं, 'आमचे तीन मुकुट चालणार नाहीत' एवढ्याच निरोपासह; आणि मोहरेवर तीन मुकुट होते. तीन मुकुट हे स्वीडनचं चिन्ह. आमचा राजा म्हणतो, माझंही. त्यावर दरबारात अकरा दिवस खल झाला. शेवटी कारकून लाउगे यांनी आपल्या अंगठीची साधी मोहर उठवली आणि ते स्वतःच पत्रासोबत आले.

एस्बेननं मला दुसऱ्यांदा फुंकलं. या वेळी नदीपलीकडून आवाज आला.

"ए डॅनिश! आमचे मुकुट लटकवून आमच्याच दारात येतोस होय? लाज विकून खाल्लीस का?"

लाउगे यांनी पत्र उलटंसुलटं केलं. "अरे, मोहर तर साधी आहे!"

एस्बेननं माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगाला रेशमी निशाण बांधलेलं असतं. त्यावर सोनेरी धाग्यात तीन मुकुट भरलेत. अकरा दिवस सगळे कागदाकडे बघत बसले होते.

"सोडतो हे," एस्बेन म्हणाला.

"डोकं फिरलंय का तुझं? राजाचं निशाण उतरवलंस, तर इकडं मान जाईल. आणि निशाणाशिवाय तू दूत कसला? तो तिकडचा खुशाल गोळी घालेल."

"लाउगेसाहेब, उद्या त्याला नेतील. त्या पायांनी तो कुठवर चालणार?"

लाउगे घोड्याकडे वळले. "खोगिराचा पट्टा सैल झालाय. मी तो आवळतोय. मला इथून काही दिसत नाही."

गाठी गोठून कडक झाल्या होत्या. एस्बेननं त्या दातांनी सोडल्या, निशाण गुंडाळून अंगरख्यात खोचलं.

मी उघडी पडले. निशाण असतं तेव्हा राजा बोलतो. आता नुसता एक माणूस फुंकत होता. तिसऱ्या फुंकीचा पहिलाच सूर फाटला. चौकीच्या भिंतीवर बंदुकीची नळी टेकली, ती मला दिसली. एस्बेनलाही दिसली असेल. त्यानं सूर अर्ध्यावर सोडला नाही.

सूर संपला. लाउगे यांचा पट्टा कधीच आवळून झाला होता, तरी ते वळले नाहीत. पलीकडच्या लोकांनो, मुकुट कुणाचेही असोत, मी मनात म्हणत होते, आधी पत्र तर फोडा.

बंदुकीची नळी मागं सरकली. आणि पलीकडून तुतारी वाजली. घोगरी, थंडीनं घसा बसल्यासारखी, माझ्याहून अर्धा सूर खाली.