शिळेतली बाळंतीण

आमच्या संग्रहालयाच्या संचालकांना एकाच शिळेतून दोन प्रदर्शनं हवी होती. शिळेत होती एक इक्थिओसॉरस. दिसायला माशासारखी, पण मासा नव्हे, समुद्रातला सरीसृप; पाण्यावर येऊन श्वास घेणारी, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेली. बाळंत होता होताच मेलेली. पिल्लू शेपटीकडून बाहेर आलेलं, डोकं अजून आईच्या कमरेत अडकलेलं. हा प्राणी अंडी घालत नसे, याचा याहून धडधडीत पुरावा कुठे मिळणार? आणि या गृहस्थांना पिल्लू कापून वेगळं हवं होतं. मुलांच्या दालनात ठेवायचं, खाली पाटी लावायची: 'छोटूला भेटा'.

ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या हाडांवरचा दगड मी सुईने खरवडून काढलाय, मानेचा पार खुळखुळा झाला तोवर. मी बैठकीत भांडले. पिल्लू अख्खं काढायचं तर आईची कंबर कापावी लागेल, मग ती बाळंतीण होती हे कुणाला कळणार, असं विचारलं. संचालक म्हणाले, तुम्ही फार मनाला लावून घेता. बाकीचे मूग गिळून बसले. त्यांत माझा सख्खा भाऊही होता. शिळा कापायचं काम दादाचंच.

घरी मी त्याला नाही नाही ते बोलले. वहिनी मध्ये पडली तर तिलाही सोडलं नाही. दादा एवढंच म्हणाला की त्याने नाही कापलं तर बाहेरचा कुणी येऊन कापेल, आणि तो वाट लावेल.

कापायच्या दिवशी संचालकांसकट सगळे बघायला जमले होते. मी तोंड उघडायचं नाही असं ठरवून कोपऱ्यात उभी राहिले. करवतीचं पाणी हाडांवर उडू नये म्हणून शिळा पालथी घालतात, हाडं खाली वाळूवर. वर नुसता कोरा दगड. कुठे कापायचं हे माझ्या ट्रेसिंग पेपरवरून खडूने उतरवायचं. पण तो कागद मी हाडांच्या बाजूने काढलेला. शिळा पालथी, तर कागदही पालथा हवा. दादाने तो तसाच सुलटा ठेवला आणि रेघ ओढली.

त्या रेघेखाली पिल्लू नव्हतंच. आईचं डोकं होतं, आणि तो थाळीएवढा डोळा.

करवत सुरू झाली. गप्प राहिले असते तर छोटू आईजवळच राहिला असता, संचालकांची सगळ्यांसमोर शोभा झाली असती, आणि दादाची नोकरी गेली असती. खोटं कशाला बोलू, दादाचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही. पण तो डोळा मी उघडा केला होता.

"थांब! कागद पालथा घालायला हवा होता."

दादाने बटण बंद केलं.

"मग कुठून? तूच दाखव."

मी पाणी मारून रेघ पुसली. कागद पालथा घातला. रागाने खडू इतका दाबला की तो मोडला. उरलेल्या तुकड्याने मी आईच्या कमरेवरून रेघ ओढली.

"आता कसं शहाण्यासारखं वागलात," संचालक म्हणाले.

"एक अक्षर बोलू नका," मी म्हटलं.

दादाचा हात पक्का आहे. करवत माझ्या रेघेवरून सरळ गेली, जरासुद्धा हलली नाही.