चार वाजताचा आकडा

मित्रांनो, मंचरजवळच्या एका प्लास्टिक कारखान्याच्या कपाटात पडून असलेला मी एक जुना वर्णपटमापक आहे. नाव जड, म्हणून तिथे सगळे मला 'डोळा' म्हणत.

२००२ साली मला दुधाच्या पिशव्यांचा कागद बनवणाऱ्या मशीनवर बसवलं. वरून माझा दिवा प्रकाश सोडायचा, खालची काच तो झेलायची आणि मधल्या फटीतून प्लास्टिकचा पातळ कागद सरसर पळायचा. प्लास्टिक त्यातला थोडा प्रकाश गिळतं. किती नि कोणता गिळला, यावरून माल नव्या, शुद्ध प्लास्टिक-दाण्याचा आहे की त्यात जुन्या भंगाराची भेसळ आहे, हे मी त्याच क्षणी पडद्यावर आकड्यात सांगायचो. आकडा पाचाच्या आत असला की माल चांगला.

साहेब, म्हणजे मॅनेजर चांगदेव, माझं कौतुक करून थकत नसत. मशीन चालवणाऱ्या कुंडलिकला मात्र मी पहिल्या दिवसापासून खटकलो.

"ह्यो डोळा मालावर न्हाई, आमच्यावर लावलाय," तो म्हणायचा.

कुंडलिक येडगावचा. सकाळी शेत बघायचा, म्हणून कायम दुपारच्या पाळीला यायचा. थंडी सुरू झाली आणि त्याच्याच पाळीत, चार वाजले की माझा आकडा अकरा-बारावर जाऊ लागला. तासाभराने आपोआप उतरायचा. साहेब काचेच्या केबिनमधून त्याच्यावर नजर ठेवू लागले. खरं सांगतो, मलाही त्याचा संशय येऊ लागला. तो दाण्याच्या पोत्याजवळ वाकला, की मला वाटायचं, आता काहीतरी मिसळतोय.

एकदा वैतागून त्याने आपला रुमाल माझ्यावर टाकला. आकडा झटकन चारावर आला. साहेब धावत आले.

"डोळा झाकलास की माल चांगला होतो? लपवायलाच टाकलास ना?"

"साहेब, मी काय बी मिसळलं न्हाई. पोती मोजा, पायजे तर. भंगार घातलं असतं तर चांगल्या दाण्याची पोती उरली असती."

साहेबांनी पोती मोजली नाहीत. त्याला घरी बसवलं.

आठच दिवसांत बातमी येडगावला पोचली. पोरांच्या दुधाच्या पिशवीत हा घाण प्लास्टिक घालतो, असं लोक बोलू लागले. डेअरीवर त्याच्याशी कुणी बोलेना.

कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या तेजस्विनीताई पिंपळवंडीच्या. त्यांना एक गोष्ट पटत नव्हती. कुंडलिक घरी होता, तरी चार वाजले की आकडा चढतच होता.

"त्याने दुसऱ्या कुणाला तरी शिकवून ठेवलं असेल," साहेब म्हणाले.

ताईंनी वाद घातला नाही. सकाळच्या चांगल्या मालाचा एक तुकडा त्यांनी कापून ठेवला. दुपारी चारच्या सुमारास वितळलेलं प्लास्टिक गाळणारी जाळी बदलायला मशीन थांबलं, तेव्हा तोच तुकडा माझ्या फटीत धरला. आकडा अकरा. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या मनगटाकडे गेलं. त्यावर ऊन पडलं होतं. छपराचा पश्चिमेकडचा एक पत्रा फुटला होता आणि कललेला सूर्य तिथून थेट माझ्या काचेवर येत होता. ताईंनी हाताची सावली केली. आकडा चार.

मी उन्हालाच भेसळ समजत होतो, मित्रांनो. त्या रुमालानेही फक्त सावलीच केली होती.

साहेबांनी तीनदा तपासून पाहिलं. मग कुंडलिकला बोलावून घेतलं.

"झालं गेलं विसर. उद्यापासून ये."

"यीन साहेब. पण आधी तुमी येडगावला चला. डेअरीवर समद्यांम्होरं सांगा."

"बघू," साहेब एवढंच म्हणाले.

"मी येते, कुंडलिकभाऊ," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध घालायची गर्दी असताना, ताईंनी त्याच्या शेजारी उभं राहून सगळं सांगितलं. काहींना पटलं. काहीजण म्हणाले, कंपनीची बाई कंपनीचंच बोलणार. कुंडलिक कामावर आला, पण साहेबांशी कामापुरतंच बोलत राहिला.

पुढे सात वर्षं तो पाळीच्या सुरुवातीला माझी काच पुसायचा. आकडा चढला की स्वतः पोतं उघडून दाणा हातावर घेऊन बघायचा. माझ्यावर त्याने पुन्हा कधी आंधळा विश्वास ठेवला नाही, आणि मला ते योग्यच वाटलं.

मित्रांनो, यंत्राची काच पुसत जा, त्याचं छप्पर नीट ठेवा. आणि त्याने दाखवलेल्या आकड्यावरून कुणाला चोर म्हणायची वेळ आली, तर आधी त्या माणसाची पोती मोजा.