पॉइंटनंतरचा एकच आकडा

मित्रांनो, मला तुम्ही हात लावून पाहू शकणार नाही. नवजात बाळांच्या वॉर्डातल्या कॉम्प्युटरमध्ये राहणारी मी एक जुनी क्वेरी आहे. क्वेरी म्हणजे आत साठवलेल्या माहितीला विचारलेला प्रश्न. कोणी बटण दाबलं की मी आत जायचे, बाळाचं वजन शोधायचे आणि पडद्यावर आणून ठेवायचे.

मला लिहिलं एका इंजिनिअर ताईने, वॉर्डातल्या टेबलावर कोपरं टेकून. मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या राहून तिला बजावत होत्या, "पॉइंटनंतर एकच आकडा दाखव. पुढचे छाटून टाक, पण वर चढवू नकोस. १.८ किलो पूर्ण भरल्याशिवाय आम्ही बाळ घरी सोडत नाही." तेव्हापासून मी छाटत आले. आत १.७९ असलं तरी मी आपली १.७ च म्हणायचे.

बाळांच्या आया मला काय काय म्हणायच्या! कंजूष, खडूस, मेली जागची हलतच नाही. मला कधी राग आला नाही. ज्या सकाळी मी १.८ म्हणायचे, त्या सकाळी त्याच आया माझ्याकडे बघून आनंदाने रडायच्या. फार सुखाचे दिवस होते ते.

मग नवा रंगीत पडदा आला आणि त्याच्याबरोबर नवी क्वेरी. ती छाटत नाही, जवळच्या आकड्यापर्यंत नेऊन सोडते. बिचारीला तसंच शिकवलंय. मला कोणी काढून टाकलं नाही, पण कोणी बोलावलंही नाही.

एका सकाळी नव्या पडद्यावर एका बाळाचं वजन १.८ उमटलं. बाळाचा मामा गाडी घेऊन आला. आईने झबली पिशवीत भरली. पण बाळ दूध पिताना दमून मध्येच झोपत होतं. ते पाहून मोठ्या सिस्टर थबकल्या.

"थांब गं, जरा जुनीला विचारते," त्या म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी माझं बटण दाबलं.

आत १.७६ होतं. मी १.७ म्हटलं.

आईचा चेहरा पडला. "सिस्टर, माझा भाऊ खाली उभा आहे हो. एवढ्याशा फरकाने काय बिघडतंय?"

"बाळही एवढंसंच आहे ना," सिस्टर म्हणाल्या. मामा रिकामी गाडी घेऊन परत गेला.

त्याच दुपारी दूध पिता पिता बाळाचा श्वास अडला आणि ते निळं पडलं. सिस्टर हाताशी होत्या, म्हणून निभावलं. बाळ पुन्हा रडलं, तेव्हा आईने पिशवीतली झबली परत बाहेर काढली.

मित्रांनो, पडदा लहान असतो, आकडे छाटावेच लागतात. खुशाल छाटा, हवं तर वर चढवा. पण काय केलंय ते शेजारी लिहा आणि आतला पूर्ण आकडा जपून ठेवा. त्याच्या भरवशावर कोणीतरी आपलं बाळ घरी नेणार असतं.