गुरुजींना पावलेला फिल्टर

सकाळी तळ्याकाठी नुसती झुंबड उडाली होती. तंबूतून उठलेला जो तो बाटली घेऊन धावत होता, कारण गुरुजींचा फिल्टर आज भलताच पावला होता. काल एक बाटली भरायला दहा मिनिटं रडणारं ते वीतभर नळकांडं, आज पिशवी जरा दाबली की धो धो वाहत होतं.

गुरुजी म्हणजे निवृत्त विज्ञान शिक्षक, भोंदूंचे कर्दनकाळ. हवेतून अंगठ्या काढणाऱ्या तीन बाबांना त्यांनी भर चौकात उघडं पाडलं होतं. त्यामुळे सहलीच्या मंडळींत त्यांचा शब्द अखेरचा, आणि ते त्यांना मनातून फार आवडायचं.

रात्रभर फिल्टर तंबूबाहेर टांगला, मोकळ्या थंड हवेनं आतली जाळी ताजीतवानी झाली, असं ते ज्याला त्याला सांगत होते. हे कुठल्या पुस्तकात आहे, असं कुणी विचारलं नाही. गुरुजींनी स्वतःलाही विचारलं नाही. तीन वर्षांत उलटं पाणी मारून फिल्टर एकदाही धुतला नव्हता, म्हणून तो तुंबला होता, ही गोष्ट मात्र त्यांनी बेमालूम गिळली.

रांगेत त्यांची नात पुढे आली. टायफॉइडमधून उठून तिला जेमतेम महिना झालेला. तिला नेऊ नका, म्हणून घरात केवढी वादावादी झाली होती, तेव्हा गुरुजीच छातीठोकपणे म्हणाले होते, माझा फिल्टर आहे ना!

ती बाटली ओठांना लावणार, तोच आजीनं तिचा हात धरला. आजी तीस वर्षं नर्स होती.

"ओलाच टांगला होता का हो?"

"हो. का?"

"सकाळी बादलीतला बर्फ कुणी फोडला?"

गुरुजींनीच फोडला होता. पाण्याचा बर्फ होताना ते फुगतं, हे त्यांनी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. फिल्टरच्या आत केसासारख्या पोकळ तंतूंचा जुडगा असतो. त्यातलं पाणी गोठलं असेल, तर तंतू फाटले असणार.

"मुलांना सांगायचात ना, करून बघा म्हणून?" आजी म्हणाली. "मग फुंका."

धड फिल्टरच्या बारीक, ओल्या छिद्रांतून तोंडानं फुंकलेली हवा जात नाही, नुसते गाल दुखतात. गुरुजींनी एक टोक बादलीत बुडवलं, दुसऱ्यातून फुंकलं. बादलीत बुडबुड बुडबुड सुरू झालं.

अकरा जण पाणी पिऊन बसले होते. वॉशर सैल झालाय म्हणून वेळ मारून न्यावी, असं गुरुजींच्या मनात आलंच. मग आठवलं, ते तिन्ही बाबाही असंच काहीतरी म्हणाले होते. लाजेनं त्यांचे कान तापले.

"हा फिल्टर मी गोठवून फोडला," ते मोठ्यानं म्हणाले. "तळ्याचं पाणी मी तुम्हाला जसंच्या तसं पाजलं. पोट बिघडलं, ताप आला, तर अंगावर काढू नका, डॉक्टरकडे जा. आणि यापुढे मी सांगतोय म्हणून काही खरं मानू नका. बाबाला विचारता तेच मलाही विचारा, कशावरून?"

मोठं पातेलं चुलीवर चढलं. थोड्या वेळानं नात पेला घेऊन आली.

"आजोबा, उकळलंय कशावरून?"

गुरुजींनी 'मी सांगतो ना' म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, आणि झाकण काढून तिला दाखवलं.