बोलायचं नाही

“आता जो आधी बोलेल तो हरला!” सिस्टरच्या नवऱ्याने टेबलावर थाप मारून जाहीर केलं. “शेवटपर्यंत गप्प राहील त्याला माझी टोपी. गाडीत माझ्या जागेवर बसायचं आणि हॉर्न वाजवायचा. मोजून तीनदा.”

“हात्तिच्या! मग टकळी आत्ताच हरली,” थोरला म्हणाला.

“ए, मी नाही हं हरणार!” धाकटी ओरडली.

“बघा, बोलली!”

“अजून सुरू कुठे झालंय? हो ना हो बाबा?”

“एक, दोन, तीन. झालं सुरू.”

कॅराव्हॅनमध्ये एकदम शांतता पसरली. बाहेर वारा तेवढा पत्र्यावर डोकं आपटत होता.

सुट्टीचा चौथा दिवस होता. ही कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, नवऱ्याने आणि डेपोतल्या आणखी दोन बस-ड्रायव्हरांनी मिळून घेतली होती, आणि वर्षातले आठ दिवस प्रत्येकाच्या कुटुंबाच्या वाट्याला येत. मुलांनी तिचं नाव डबा ठेवलं होतं, आणि ते अगदी बरोबर होतं. समोरासमोर दोन बाकं, मध्ये घडीचं टेबल, कोपऱ्यात दोन शेगड्यांचा गॅस, वर एक फळीवजा बिछाना. एकाने केस विंचरायला घेतले की दुसऱ्याने कोपर आत घ्यायचं. तळं पन्नास पावलांवर होतं, पण दोन दिवस असा वारा सुटला होता की बाहेर पाऊल टाकलं तर डोळ्यांत वाळूच जायची.

त्या दोन दिवसांत सगळे खेळ खेळून झाले होते. पत्त्यांतला एक राजा कधीच हरवला होता. त्याच्या जागी औषधाच्या खोक्याचा तुकडा होता आणि तो कोणाच्या हातात आहे हे सगळ्यांना दिसायचं. सापशिडीला शर्टाची बटणं होती. नाव-गाव-प्राणी-वस्तू खेळताना थोरल्याने आणि मधलीने एकमेकांचे कागद फाडले, आणि काल संध्याकाळी मधलीने थोरल्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. सात वर्षांच्या धाकटीचं तोंड तर झोपेतच काय ते मिटायचं. वारा कुठून येतो, मासे वाऱ्याला घाबरतात का, डबा उडाला तर आपण कुठे पडू? म्हणून तर ती टकळी.

आईला सगळे सिस्टर म्हणत. दवाखान्यात म्हणत ते नोकरीमुळे, घरी नवऱ्याने थट्टेने सुरू केलं आणि ते चिकटलं. दोन महिने लागोपाठ रात्रपाळ्या करून ती सुट्टीवर आली होती. तीस खाटांचा वॉर्ड तिच्या नुसत्या चपलेच्या आवाजाने सरळ होई. इथे तीन पोरांनी तिला जेरीस आणलं होतं. काल ती नवऱ्याला म्हणाली होती, “मला आणखी तीस पेशंट दे, पण ह्यांना आवर.”

म्हणून हा तिघा पोरांचा खेळ. त्याचे नियम नवऱ्याचे होते, आणि बसच्या वेळापत्रकासारखे तो ते कडक पाळायचा. हरलेल्याने फळीवर चढून पुस्तक वाचायचं आणि बाकीच्यांना हसवायचं नाही. खुणा चालतील, आवाज मात्र चालणार नाही, अगदी ‘हं’सुद्धा नाही. गेल्या वर्षी टकळी चार मिनिटांत बाद झाली होती.

थोरला दहाव्या मिनिटाला स्वतःच्याच वेड्यावाकड्या तोंडाला आरशात बघून फिस्सकन हसला आणि फळीवर गेला. मधली हट्टाने ओठ दाबून बसली. नवरा डब्याचे दोर आवळायला बाहेर पडला. सिस्टरने मासिक उघडलं. किती महिन्यांनी ती एका बैठकीत सलग पाच पानं वाचत होती! डोकं निवत गेलं.

मध्येच तिने मान वर करून पाहिलं. टकळी बाकाच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ओठ आत ओढलेले, कपाळावर घाम. केवढा जीव लावून खेळतेय, तिला कौतुक वाटलं.

“बघा, शिका जरा हिच्याकडून,” ती फळीकडे बघून म्हणाली. “सकाळी दूध न पिता टाकलंन म्हणून मी रागावले होते. पण मनात आणलं तर ही मोठमोठ्यांना हरवेल.”

टकळीने आईकडे पाहिलं. मग हळूच पोटावर हात ठेवून दाखवला.

“भूक लागली? मग! दूध टाकलं की असंच होणार.” सिस्टरने हात लांब करून बरणीतलं बिस्कीट काढून तिच्यापुढे धरलं. पोरीने मान हलवली आणि पुन्हा पोटावर हात ठेवला. सिस्टरने दुसरं काढलं, क्रीमचं. पुन्हा मान हलली.

“घेणार नाही ती!” फळीवरून थोरला म्हणाला. “खाताना आवाज होईल ना!”

सिस्टर मोठ्याने हसली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही तिने पाहिलं. ते तिला हसू दाबल्यामुळे आल्यासारखं वाटलं. तिने पान उलटलं.

पुढे आयुष्यभर तिला त्या मासिकातली गोष्ट आठवायची, अगदी कोण कोणाला काय म्हणालं इथपर्यंत. विसरायची तिने खूप खटपट केली.

साडेबारा वाजता मधलीच्या नाकात वाळू गेली आणि तिला धडाधड तीन शिंका आल्या. “हा आवाज नाही धरायचा!” ती ओरडली, आणि ओरडल्यामुळेच बाद झाली. नवरा तेवढ्यात आत आला. त्याने टोपी काढून दोन्ही हातांनी पुढे धरली.

“टकळी जिंकली! अडीच तास! अहो, हा विक्रम आहे विक्रम! या बाईसाहेब, गाडी तुमचीच वाट बघतेय.”

पोरीने टोपीकडे हात केला नाही. ती आईकडे बघत होती.

“आई,” ती म्हणाली, “आता बोलू?”

“बोल की गं.”

“दुखतंय.”

सिस्टरच्या हातून मासिक कधी पडलं तिला कळलं नाही. तिने फ्रॉक वर करून हात ठेवला. पोट पाटासारखं कडक. उजव्या बाजूला बोटं दाबून सोडली तशी पोर किंचाळली. अंग तापलेलं. त्या हातांना सगळं कळलं. पंचवीस वर्षांत त्यांनी अशी पोटं किती पाहिली होती. पण तिथे मागे वळून हाक मारायला डॉक्टर होते, सलाइन होतं, सुया होत्या. इथे औषधं म्हणजे खोकल्याची बाटली आणि चिकटपट्टी.

“काय झालं?” नवरा म्हणाला.

“अपेंडिक्स. गाडी काढ.”

“अगं, पण काहीतरी दे ना तोवर! सिस्टर आहेस ना तू?”

“काही द्यायचं नसतं.”

“आई, पाणी,” पोर म्हणाली.

“नाही गं राणी. पाणी नाही.”

“एकच घोट.”

पाण्याचा तांब्या हातभर अंतरावर होता. सिस्टरने तो उचलून दाराबाहेर ठेवला, पोरीला दिसू नये म्हणून. तेवढंच तिला करता आलं.

शेजारच्या कॅराव्हॅनमधल्या निवृत्त मास्तरीणबाई थोरल्या दोघांना सांभाळायला आल्या. नवऱ्याने डबा सोडवून नुसती गाडी काढली. मैलभरही गेले नसतील, वळणावर भलंमोठं झाड आडवं पडलं होतं. रस्ता ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद. वीस वर्षांत एकदाही फेरी न चुकवलेला माणूस, तो खाली उतरला, झाडाला खांदा लावला, ढकललं, पुन्हा ढकललं. झाडाचं पानही हललं नाही.

“सोड ते!” सिस्टर ओरडली. “पलीकडे बघ!”

पलीकडे दूधवाल्याची गाडी उलटी वळत होती. नवऱ्याने जिवाच्या आकांताने हाका मारल्या, पण वाऱ्यात त्या कुठच्या कुठे गेल्या. शेवटी त्याने अंगातला शर्ट काढून हवेत फिरवला, तेव्हा दूधवाला थांबला. पोरीला त्यांनी फांद्यांमधून हातोहात पलीकडे दिलं.

“बसा, बसा. क्रेटवरच बसावं लागेल हं, ताई,” दूधवाला म्हणाला. “किती लांबून आलात? असू दे, नंतर सांगा.”

वीस मैलांचा रस्ता. दर खड्ड्याला बाटल्या खणखणत आणि पोर आईची बोटं करकचून धरी.

“मी जिंकले ना?” मध्येच तिने विचारलं.

“हो. जिंकलीस.”

“मग गोष्ट सांग.”

सिस्टरने तोंड उघडलं. ह्या पोरीला तिने शेकड्याने गोष्टी सांगितल्या होत्या. एकीचीही सुरुवात सापडेना.

“एक होता...” ती म्हणाली.

“कोण?”

“एक होता...”

 नवरा समोरच्या क्रेटवर उघडाच बसला होता, शर्ट गुडघ्यांवर तसाच चुरगळलेला. त्याने मान खाली घातली.

तिथल्या दवाखान्यात पोरीला लगेच आत नेलं. टेबलाशी एक तरुण नर्स होती, सिस्टरच्या हाताखाली शिकली असती अशा वयाची. तिने कागद पुढे ओढला. नाव, वय.

“त्रास कधीपासून?”

“तास-दीड तास झाला असेल,” नवरा घाईने म्हणाला.

“नाही,” सिस्टर म्हणाली. “सकाळपासून. दूध टाकलं तेव्हापासून. तसं लिहा.”

“तेव्हा काही म्हणाली नव्हती का ती?”

“पोटावर हात ठेवून दाखवलं होतं. दोनदा. तिला बोलायला मनाई होती.”

नर्सचा हात थांबला. तिने दोघांकडे पाहिलं आणि नुसतं ‘सकाळपासून’ एवढंच लिहिलं.

“बसा तुम्ही बाहेर. आत नाही येता येणार.”

“मी नर्स आहे” हे शब्द सिस्टरच्या ओठांवर आले होते. ते गिळून ती बाकावर जाऊन बसली. तिच्या शेजारी पाय प्लास्टरमध्ये घातलेला कुणाचा तरी म्हातारा होता. त्याला टेकता यावं म्हणून ती थोडी सरकली.

नवरा बसेना. तो भिंतीपर्यंत जाई, परत येई.

“मीच काढला तो खेळ,” तो म्हणाला. मग पुन्हा, “नियम माझेच. ‘हं’सुद्धा नाही म्हणालो मी. ऐकलंस ना तू? ‘हं’सुद्धा नाही, असं म्हणालो.”

“बस जरा.”

“ती कधी नव्हे ती गप्प बसली, आणि मी टोपी काय पुढे करत होतो!”

 बिस्किटाचं तिने त्याला तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही कधी नाही. त्याच्या डोक्यावर आहे तेवढंच त्याला पेलत नव्हतं.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. तोंडावरचा मास्क खाली ओढून ते म्हणाले, “फुटलं होतं. पण साफ केलंय सगळं. आठ-दहा दिवस इथे ठेवू. ताप उतरायला वेळ लागेल, पण होईल बरी.” जाता जाता त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. “वेळेवर आणलंत हो.”

हे वाक्य सिस्टरच्या ओळखीचं होतं. वॉर्डाच्या दाराशी तिने स्वतः ते कितीजणांना सांगितलं होतं. जे वेळेवर आले त्यांना, आणि जे आले नाहीत त्यांनाही.

नवऱ्याने तिच्याकडे वळून पाहिलं. चेहऱ्यावर कितीतरी तासांनी रक्त आलं होतं.

“ऐकलंस? वेळेवर आणलं, म्हणाले. खरं ना गं? तुला तर कळतं ह्यातलं.”

त्याचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते. तिने त्याच्या हातातला चुरगळलेला शर्ट घेतला, झटकला, उलटी झालेली बाही सरळ केली आणि त्याच्यापुढे धरला.

“हो,” ती म्हणाली. “वेळेवर आणलं आपण. घाल हा, गार वारा येतोय इथे.”

त्याने लहान मुलासारखे हात पुढे केले. ती एकेक बटण लावत गेली, गळ्यापर्यंत.