गटारात न गेलेली साय

कशफ दारव्ह्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. नोकरी तासिका तत्त्वावरची, म्हणजे कधी बंद होईल त्याचा नेम नाही. तरी तास संपले की ती घरी न जाता प्रयोगशाळेत बसायची. तिथे कोपऱ्यात तिचे काचेचे पसरट डबे होते. नारळपाणी, साखर आणि थोडा सिरका यांत ती एका जातीचे जंतू वाढवत होती. काही दिवसांनी पाण्यावर पांढरी, ओलसर चादर धरायची, दुधावरच्या जाड सायीसारखी. कापूस ज्याचा बनतो त्याच सेल्युलोजची ती बनलेली, फक्त धागे फार बारीक.

कशफ शाळेत असताना तिच्या आईचा, जमिलाचा, उजवा हात स्टोव्हच्या भडक्यात भाजला होता. जखमेला चिकटलेलं गॉज सोडवताना जमिला जी ओरडायची, ते ऐकून कशफ घराबाहेर पळायची. ही साय ओली राहते आणि जखमेला चिकटत नाही, असं पुढे तिच्या वाचनात आलं. मग तिनं दुसरा विषय धरलाच नाही.

दोन हजार सहाच्या जानेवारीत एका स्थानिक पेपरात तिच्या कामाची बातमी आली : 'आता जंतूंपासून कापूस!' त्या वर्षी कापसाचा भाव पडलेला होता, बाजारात गाड्या तशाच उभ्या होत्या. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे संचालक हरिसिंग दुसऱ्याच दिवशी शेतकरी घेऊन प्रयोगशाळेत शिरले. मागोमाग प्राचार्य धापा टाकत आले.

"आमचा कापूस कोणी घेऊन नाही राह्यलं," हरिसिंग गरजले, "अन् तुम्ही इथं जंतूंपासून कापूस काढून राह्यल्या? कायले?"

"हा कापूस नाही, भाऊ. भाजलेल्या माणसाच्या जखमेवर लावाचं हाय हे."

"आज जखमेवर. उद्या याचेच कपडे निघतीन!"

कशफनं हातमोजे घातले. धुऊन ठेवलेली एक साय उचलली आणि समोर उभ्या असलेल्या डोमाजींच्या तळहातावर ठेवली. डोमाजी म्हातारे शेतकरी. ते आधी दचकले, मग बोटानं दाबून पाहू लागले.

"गार लागते," ते म्हणाले. "मेलेत ना यातले जंतू?"

"सोड्याच्या पाण्यात उकळले, बाबा. एक नाही राह्यला. अन् एवढ्या डब्यातून एक रुमाल निघते. यानं तुमचा भाव नाही पडला. ज्यानं पाडला त्याच्या दारात जा ना. माह्या दारात यायले सोपं हाय म्हणून आले तुम्ही."

डोमाजींनी साय जपून परत दिली आणि ते बाहेर पडले. त्यांच्यामागे आणखी दोघं-तिघं गेले. हरिसिंग मात्र हलले नाहीत. त्यांनी नुसतं प्राचार्यांकडे पाहिलं.

"मॅडम," प्राचार्य म्हणाले, "हे सगळं आत्ताच्या आत्ता गटारात ओता."

"नाही ओतणार, सर."

"मग उद्यापासून तुमचे तास बंद."

"तास तुमचे आहेत, बंद करा. डब्यांत आहे ते मी वाढवलंय. ते माझ्यासोबत येईल."

तिचे वडील मोहिउद्दीन नेर रोडवर जीप दुरुस्त करायचे. एक दुरुस्त झालेली जीप घेऊन ते आले, काही न विचारता डबे मागच्या सीटवर ठेवले आणि खड्डे चुकवत घरी आणले. घरी पोचल्यावर तेवढं म्हणाले, "बेटा, नोकरी गेली?"

"गेली, अब्बा."

"ये तो नहीं गया ना? बस."

खरी परीक्षा उन्हाळ्यानं घेतली. या जंतूंना गारवा लागतो आणि यवतमाळचा मे महिना कोणालाच गारवा देत नाही. त्यात लोडशेडिंग. दुपारभर कूलर बंद. कशफनं स्वयंपाकघरात ओली वाळू पसरली, त्यात डबे रुतवले, वरून भिजवलेली पोती टाकली. तरीही निम्म्या डब्यांवर हिरवी बुरशी चढली. ती तिनं फेकली, भांडी उकळली आणि उरलेल्यातून पुन्हा लावलं. पुन्हा बुरशी आली. पुन्हा लावलं.

आंबूस वास गल्लीभर पसरला. "घरात दारू गाळून राह्यले का?" शेजारीण दारात येऊन म्हणाली. जमिलानं बाही वर केली आणि कोपरापर्यंतचा तो चामडी ओढलेला हात तिच्यासमोर धरला.

"याची दवा बनून राह्यली इथं. वास येते तर खिडकी लाव."

पावसाळ्यात कशफ डबे घेऊन नागपूरला गेली. तिथल्या एका रुग्णालयात डॉक्टर ममता भाजलेल्या रुग्णांचा विभाग पाहत. त्यांनी साय उजेडाकडे धरून पाहिली आणि स्पष्ट सांगितलं, "आधी तपासण्या, मग सशांवर चाचणी, मग समितीची परवानगी. त्याआधी माणसाच्या अंगाला हे लागणार नाही. वर्षं जातील."

"जाऊ द्या," कशफ म्हणाली.

वर्षं गेली. पहिली खेप तपासणीत नापास झाली. एका व्यापाऱ्यानं परवानगीविना खेड्यातल्या दवाखान्यांना विकायचं सुचवलं, तेव्हा कशफनं त्याला चहासुद्धा विचारला नाही. शिकवण्या घेत तिनं जंतू जिवंत ठेवले.

परवानगी मिळाली तेव्हा पहिली रुग्ण होती महागावकडची पंचफुला. चुलीवरचं उकळतं पाणी तिच्या हातावर सांडलं होतं. कशफनं तिला सगळं सांगितलं : हे कसं बनतं, काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि नाही म्हटलं तरी उपचार थांबणार नाहीत.

"जंतूंचं हाय म्हणते?"

"हो. आता त्यात एकही जिवंत नाही."

"चिकटत नाही म्हणते?"

"सशाले नाही चिकटलं. तुमचं आपण पट्टी काढताना पाहू."

पंचफुला हसली. "सशानं हिंमत केली, मंग मी काहून नाही? लाव."

पट्टी बदलायच्या दिवशी डॉक्टर ममतांनी चिमट्यानं सायीचा कोपरा उचलला. पंचफुलानं आधीच्या गॉजच्या सवयीनं डोळे गच्च मिटले होते, दातही आवळले होते. साय अलगद निघाली. खालची कातडी ओली आणि गुलाबी होती.

"झालं?" पंचफुलानं एक डोळा उघडला. "काढाले सुरुवात तर करा!"

"काढलं, ताई," कशफ म्हणाली, आणि चिमट्यातली साय तिनं पंचफुलाला दाखवली.

ही बातमी पेपरात आली तसा कॉलेजचा फोन आला. संस्थेला सत्कार करायचा होता, हरिसिंग स्वतः शाल देणार होते.

"शाल नको," कशफ म्हणाली. "मी गेल्यापासून त्या प्रयोगशाळेले कुलूप हाय. ते काढा. पोरी काम करतीन तिथं. मी येईन, पण शिकवाले."