पस्तीस डावा, अडतीस उजवा

मास्तरीणबाईंनी शाळेत एक दिवसही शिकवलं नव्हतं. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्या कापड बेतायच्या. कापड बेतणाऱ्याला कटिंग मास्तर म्हणतात, आणि तिथे पहिल्यांदाच एक बाई मास्तर झाली तेव्हा कारागिरांनी आपणहून तिची मास्तरीणबाई करून टाकली. चाळीस वर्षं त्यांनी नर्सा, ड्रायव्हर, पहारेकरी, बँडवाले अशा सगळ्यांची मापं घेतली. गळ्यात टेप नसली तर त्यांना कसंनुसं व्हायचं, आणि निवृत्त झाल्यावरही ती पर्समध्ये असायचीच.

जगाची मापं घेणाऱ्या या बाईचं स्वतःचं एक माप मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे ठाऊक होतं, पण बोलायची बंदी होती. त्यांचा डावा पाय जन्मापासून उजव्यापेक्षा तीन नंबर लहान. लंगडणं नाही, दुखणं नाही, नुसता लहान. डाव्या बुटात कापूस कोंबला की काम भागायचं. पण आईचा दंडक होता की त्या पायाचं घरात नाव काढायचं नाही, पोरीला वाईट वाटेल. आई गेली, दंडक मागे राहिला. एकसष्टी उलटली तरी मास्तरीणबाई चारचौघांत बूट काढत नसत.

त्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षांनी लहान. त्याला स्केट्सचं वेड. घाऊक भाजीबाजार रविवारी बंद असतो; तिथल्या गुळगुळीत फरशीवर तो सातव्या-आठव्या वर्षापासून चाकांवर भिरभिरतोय. केस गेले, दाढा गेल्या, वेड जागच्या जागी. आणि मास्तरीणबाई दर रविवारी चहाचा थर्मास घेऊन पायरीवर बसायच्या, घड्याळ लावून त्याच्या फेऱ्या मोजायच्या. पन्नासहून जास्त वर्षं! घड्याळ धरायला आमची ताईच लागते, असं धाकटा कौतुकानं सांगायचा. ताई हसायची. हसण्याखाली काय होतं हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आता धाकटा आणि भावजय समुद्रापलीकडे मुलीकडे राहायला निघाले होते. दोन-चार महिन्यांसाठी नाही, कायमचे. सामान आवरायला मास्तरीणबाई त्यांच्या घरी जायच्या. एकदा भावजय खोलीत आली तर वन्सं पलंगावर बसलेल्या, एक हात धाकट्याच्या स्केटच्या बुटात कोपरापर्यंत घातलेला, आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवतायत.

आता या भावजयीच्या तोंडाला झाकण म्हणून नाही. जे मनात ते ओठांवर. सासूबाईंचा दंडक तिनं लग्न झाल्यापासून कसा पाळला हे तिचं तिलाच माहीत.

"वन्सं," ती म्हणाली, "घालायचेत का तुम्हाला?"

मास्तरीणबाईंनी हात बाहेर काढला. "माझा पाय..." एवढं बोलून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "हो. एकदाच. तो जायच्या आधी, त्याच्याबरोबर एक फेरी." आणि इतकी वर्षं एका थेंबाचा हिशोब न देणारे त्यांचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

झालं, भावजयीनं कंबर कसली. परदेशातलं एक दुकान सापडलं, ऑर्डरप्रमाणे स्केट्स बनवून देणारं. तिनं फोनवर नोंदवलं: डावा पस्तीस, उजवा अडतीस. धाकट्याला यातलं काही कळू द्यायचं नाही असं ठरलं. हातात चार महिने होते. चार महिन्यांत माणूस जगाची प्रदक्षिणा करून येईल, तिथे पार्सलची काय कथा?

सव्वा महिन्यानं खोकं आलं. मास्तरीणबाईंनी दाराला कडी लावून उघडलं. आत अडतीसचा डावा आणि अडतीसचा उजवा, वर सुबक चिठ्ठी: आपल्या ऑर्डरमध्ये नजरचुकीनं दोन वेगळे नंबर पडले होते, आम्ही दुरुस्ती केली आहे, काळजी नसावी.

"काळजी नसावी म्हणे," मास्तरीणबाई म्हणाल्या. चाकाच्या बुटात कापूस कोंबून चालत नाही. पाय आतल्या आत फिरला की घोटाच जायचा. खोकं परत गेलं.

दुसऱ्यांदा भावजयीनं दुकानाला खरमरीत पत्र धाडलं. दुकानानं माफी मागितली आणि बरोबर माल पाठवला. भावजयीच्या फोनवर पार्सल कुठवर आलं ते दिसायचं: निघालं, विमानात चढलं, आपल्या शहरात उतरलं. मास्तरीणबाईंनी दोन दिवस जिन्यातल्या प्रत्येक पावलाला कान लावले. तिसऱ्या दिवशी भावजय म्हणाली, "वन्सं, हे पुन्हा विमानात कसं चढलं?"

तर झालं होतं असं. परदेशी पार्सलांच्या कचेरीत एक तपासनीस होता. टपालाला वाहून घेतलेला, सज्जन माणूस. असल्या माणसापासून देव वाचवो. त्यानं खोकं उघडलं, एक बूट लहान आणि एक मोठा बघितला आणि त्याचं काळीज हललं. बिचाऱ्या ग्राहकाला फसवलं! त्यानं तत्परतेनं शेरा मारला, "माल सदोष, ग्राहकाच्या हितासाठी परत," आणि खोकं आल्या पावली रवाना केलं. मास्तरीणबाईंच्या हिताचा विचार समुद्राच्या या तीरालाही होत होता आणि त्या तीरालाही. त्यांना विचारायचं तेवढं राहून जात होतं.

तिसऱ्या खेपेला दुकानानं खोक्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली: या जोडातले दोन बूट मुद्दाम वेगळ्या मापांचे आहेत. आता तरी चुकायला जागा नाही असं दोघींना वाटलं. पण तपासनिसानं ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि त्याच्या कपाळाची शीर उडाली. मुद्दाम! म्हणजे चोर स्वतःच कबूल करतोय! शुक्रवारी संध्याकाळी भावजयीच्या फोनवर ओळ उमटली: परत पाठवण्यासाठी राखून ठेवले आहे.

सोमवारी पहाटे धाकट्याचं विमान होतं. म्हणजे उरला एकच रविवार.

"राहू दे गं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "नशिबात नाही म्हणायचं आणि सोडून द्यायचं."

"नशीब बिशीब काही नाही, एक कारकून आहे," भावजय म्हणाली. "उद्या कचेरी बारापर्यंत उघडी असते. मी घ्यायला येते, तयार राहा."

शनिवारी कचेरीत ही गर्दी. लांबट खोली, भिंतीला टेकून बाकं, काउंटरच्या पलीकडे छतापर्यंत खोकी. रांगेत प्रत्येकाची एक रडकथा. एका रिक्षावाल्याचा आरसा तीन महिने अडकलेला. एका शिक्षिकेनं मागवली होती दुर्बीण, आले होते पडदे. नणंद-भावजयीचा नंबर आला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते.

तपासनीस नम्रपणे उठून उभा राहिला. "बाई, तुम्ही काळजी करू नका. तुमची फसवणूक आम्ही दोन्ही वेळा हाणून पाडली आहे."

"मला ते खोकं हवंय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"पण माल सदोष आहे."

"असू दे."

"असं कसं? मग लेखी लागेल." त्यानं एक कागद पुढे सरकवला. "ग्राहकाला सदोष माल का हवा आहे, ते इथे लिहा. कारण पटण्यासारखं पाहिजे."

मास्तरीणबाईंनी पेन घेतलं. कागदावर टेकवलं. आणि तो शब्द पुन्हा वाचला, सदोष. भावजय सांगते की त्या वेळी त्यांचे कान लाल झाले. पेन खाली ठेवून त्या मागे वळल्या, बाकावर बसल्या आणि सगळ्या रांगेसमोर दोन्ही बूट काढले. डाव्यातला कापूस काढला. मग अनवाणी काउंटरपाशी आल्या, बाजूचं फळकूट उचलून पलीकडे गेल्या आणि तपासनिसाच्या पुढ्यात दोन्ही पाय जोडून उभ्या राहिल्या.

"डावा पस्तीस, उजवा अडतीस," त्या म्हणाल्या. "जन्मापासून. यातला सदोष कुठला, तुम्हीच सांगा."

तपासनिसानं पायांकडे बघितलं, मग छताकडे, मग पुन्हा पायांकडे. त्या बिचाऱ्याला घाम फुटला. "माफ करा बाई," तो पुटपुटला, "मला वाटलं, माणसाच्या दोन्ही बाजू सारख्याच..."

"कोणी सांगितलं?" मास्तरीणबाईंनी पर्समधून टेप काढली. टेप हातात आली आणि त्यांचा आवाजच बदलला, कारखान्यातला झाला. "हात लांब करा. हा नाही, दोन्ही."

त्यानं केले. सरकारी माणूस हुकमाला सरावलेला असतो.

"डावा हात बोटभर मोठा आहे. डावी बाही सारखी वर सरकते ना?"

"सरकते!" तपासनीस थक्क झाला. "बायको म्हणते मी मुद्दाम ओढतो."

"तिला सांगा, कापणाऱ्यानं दोन्ही बाह्या एकाच मापाच्या कापल्यात. चाळीस वर्षांत दोन्ही बाजू सारख्या असलेला एक माणूस मला भेटला नाही. एकही. खांदा उतरतो, नाहीतर कंबर एका अंगाला झुकते. माझं जरा डोळ्यांवर येतं, एवढंच."

हे वाक्य त्यांनी हजारदा मापं घेताना दुसऱ्यांना ऐकवलं होतं. स्वतःच्या बाबतीत बोलल्या त्या आज पहिल्यांदा, आणि बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. छातीवरची धोंड उतरल्यासारखं हलकं वाटत होतं.

मागून रिक्षावाला म्हणाला, "बाई, माझे खांदे बघता का जरा?" शिक्षिकेनं तर सँडल काढूनच टाकले. म्हणाली, माझा उजवा सँडल कायम चावतो, दुकानदार म्हणतो बाई तुम्ही चालता वाकड्या. मापलं तर उजवा पाय अर्धा नंबर मोठा निघाला. मग काय, ज्याला त्याला आपलं माप हवं. एरवी घड्याळाकडे बघत एकमेकांवर खेकसणारी रांग अनवाणी उभी राहून एकमेकांचे पाय न्याहाळत होती. भावजयीनं तेवढ्यात एका आजोबांचे कानसुद्धा मोजून घेतले. तेही सारखे नव्हते, आणि आजोबा भलतेच खूश झाले.

बाराला पाच मिनिटं असताना तपासनिसानं खोकं स्वतः उचलून आणलं. आधीचा शेरा खोडून खाली लिहिलं, "माल निर्दोष. खात्री स्वतः केली." मग हळूच विचारलं, "कोट शिवायला टाकताना दोन बाह्यांची मापं वेगळी सांगायची ना?"

"वेगळीच सांगायची," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि लाजायचं नाही."

रविवारी सकाळी धाकटा बाजाराच्या फरशीवर दोन फेऱ्या मारून पायरीपाशी आला आणि जागच्या जागी खिळला. ताई पायरीवर बसली होती. गुडघ्यांना जाडजूड पट्ट्या, उजव्या पायात लाल स्केट, डावा पाय उघडा, आणि दुसरा लाल स्केट मांडीवर. भावजय शेजारी उभी राहून ओठ दाबून हसत होती.

धाकट्यानं एकदा बुटाकडे बघितलं, एकदा पायाकडे. मग तो खाली बसला, ताईचा डावा पाय हातात घेतला, बुटात सरकवला आणि नाड्या ओढायला लागला. नाड्या ओढता ओढताच बोलला, मान वर न करता.

"मी आईला विचारलं होतं, ताई. मला पहिले स्केट्स आणले तेव्हा. म्हटलं, ताईलाही आण. ती म्हणाली, तिच्यापुढे हा विषय काढायचा नाही."

"मग?"

"मग नाही काढला."

"अरे, पन्नास वर्षं?"

"तू तरी कुठे काढलास?"

मास्तरीणबाईंना संताप आला. आईचा आला, याचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. एवढ्या वर्षांचे रविवार! दोघंही एकमेकांना जपत बसले, आणि जपता जपता म्हातारे झाले. क्षणभर त्यांना रडावंसं वाटलं. पण भावाचा टकलू माथा त्यांच्या गुडघ्याशी वाकलेला होता, जीभ दाताखाली धरून तो लहान मुलासारखी गाठ मारत होता, आणि त्यांना हसूच फुटलं.

"आता काढलाय विषय," त्या म्हणाल्या. "हात दे."

पहिल्या दहा पावलांत त्या दोनदा बसल्या, दुसऱ्यांदा धाकट्याला घेऊन बसल्या. भावजयीनं लांबूनच विचारलं की विमानाची तिकिटं फाडू का ठेवू. मग हळूहळू जमलं. धाकटा उलटा चालत होता, तिचे दोन्ही हात धरून, आणि ताई त्याच्याकडे न बघता बाजारभर बघत होती. बंद गाळे मागे जात होते. वारा कानाला लागत होता. बुटात पाय घट्ट बसला होता, दोन्ही पाय, आणि आयुष्यात पहिल्यांदा डावा काय आणि उजवा काय हे त्यांच्या ध्यानातसुद्धा नव्हतं.

एक फेरी पुरी झाली. धाकट्याला धाप लागली होती.

"थांबायचं का, ताई?" त्यानं विचारलं.

"उद्या थांबू," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि त्याला ओढत दुसऱ्या फेरीला निघाल्या.